गुऱ्हाळघराचे छप्पर

उसाचा रस आटवून गूळ करतात त्या चुलवणावर उभारलेला निवारा. छपराने ऊन-पाऊस अडवायचा. पण खालच्या भडक्यापासून छपरालाच वाचवायचे कसे, हा या बांधणीतला खरा प्रश्न. कोल्हापूर भागात, जिथल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पूर्वी शिवारातच उसाच्या पाचटाने शाकारलेल्या मांडवाखाली गुऱ्हाळ चाले. एक ठिणगी पुरे होई. आता बहुतेक ठिकाणी पत्रे आहेत.

चुलवण जमिनीत खोदलेले असते. त्याचे तोंड बाहेरच्या अंगाला ठेवतात आणि तिथून वाळलेली चिपाडे, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, आत सारतात. जाळ काहिलीच्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या पसरट कढईच्या, बुडाला चाटत पलीकडच्या धुराड्याकडे ओढला जातो. काहील कडेवर नीट बसली आणि भोवतालची फट चिखलाने लिंपली, की वर जाते ती फक्त वाफ. तिच्यासाठी आढ्याजवळ मोकळी जागा सोडतात. म्हणजे छपराची पहिली राखण काहीलच करते.

धोका असतो काहील उतरवताना. रस सुमारे ११८ अंश सेल्सिअसला पोचतो, गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून पाहतो आणि ‘उतरवा’ म्हणतो. जाळ आधीच कमी केला नसेल, तर उघड्या चुलवणातून भडका सरळ आढ्याकडे झेपावतो.

पत्रा पेटत नाही, पण त्याखालचे लाकडी वासे पेटतात. ताजे लाकूड साधारण २५० ते ३०० अंशांना पेट घेते. रोजच्या धगीने तपकिरी, मग काळे पडलेले लाकूड त्याहून कमी उष्णतेतही पेटू शकते. अशा वाशाला आडोसा म्हणून खालून पत्रा थेट ठोकणे ही मोठी चूक, कारण धग त्यातून लाकडात उतरते. हा पत्रा वाशापासून दोन बोटे खाली टांगावा आणि कडा मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. पत्र्यावरचा जस्ताचा थर सुमारे ४२० अंशांना वितळतो, त्यामुळे प्रत्यक्ष ज्वाळेपुढे तोही टिकत नाही. चुलवणाच्या डोक्यावर लोखंडी कैची, म्हणजे छपराला आधार देणारा त्रिकोणी सांगाडा, असलेली बरी.

धुराडे भिंतीबाहेर आणि आढ्यापेक्षा उंच असावे. चिपाडाचे पेटते पापुद्रे हलके असतात, वाऱ्यावर दूर जातात. म्हणून वारा धुराड्याकडून जिकडे वाहतो त्या बाजूला चिपाडाची गंजी रचू नये. धुराड्याची वाट राखेने तुंबली की ओढ मंदावते आणि जाळ तोंडातून उलटा बाहेर येऊन वळचणीला लागतो. त्यामुळे राख नियमित उपसावी लागते.