बेटांभोवतीची समुद्रशैवाले : कोकण किनारा

समुद्राच्या पाण्यात खडकाला धरून वाढणाऱ्या आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या शैवालांना समुद्रशैवाले म्हणतात. त्यांना खरी मुळे, खोड वा पाने नसतात. बुडाशी खडकाला घट्ट पकड असते आणि अन्नद्रव्ये सगळ्या अंगाने पाण्यातूनच घेतली जातात. हिरवी, तपकिरी आणि लाल असे त्यांचे तीन गट आहेत. बेटांभोवती ही शैवाले कोणती, किती आणि कधी उगवतात, आणि त्यांच्या आसऱ्याने कोणते जीव राहतात, याचा एकत्र अभ्यास केला जातो.

या अभ्यासात बेटांना महत्त्व आले ते शैवालांच्या प्रसारामुळे. त्यांचे बीजाणू फार लांब जात नाहीत. पाण्यात सुटल्यावर काही तासांत, फार तर काही दिवसांत त्यांना खडक मिळावा लागतो. सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालांना हवेच्या लहान गोळ्या असतात, त्यामुळे तुटलेल्या फांद्या तरंगत दूरवर जातात; बाकीच्यांना ही सोय नाही. म्हणून अझोर्स, कॅनरी, मॉरिशस यांसारख्या भर महासागरात ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटांवर कोणते शैवाल पोहोचले आणि कोणते नाही, यावरून प्रवाहांविषयी बरेच कळते. कोकणातली बेटे या जातीची नाहीत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती, तेव्हा खांदेरी, उंदेरी, मुरुडचा पद्मदुर्ग, मालवणचे कुरटे बेट हे सगळे जमिनीवरचे उंचवटे होते. येथे शैवालाला लांबचा प्रवास करावा लागत नाही. त्यामुळे लाटा, गाळ आणि गोडे पाणी यांचा परिणाम वेगळा काढून पाहता येतो, आणि कोकणच्या बेटांचे खरे मोल यातच आहे.

या किनाऱ्याच्या शैवालांचा पाया घालणाऱ्यांत डॅनिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक बर्गेसेन यांचे नाव आदराने घ्यावे लागते. फॅरो, कॅरिबियन आणि कॅनरी बेटांवरची शैवाले अभ्यासून झाल्यावर त्यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील हिरव्या, तपकिरी आणि लाल शैवालांवर १९३० पासून लेखमाला प्रसिद्ध केल्या. पुढे मॉरिशसवरही त्यांनी काम केले. बेटांवर कमावलेली नजर त्यांनी या किनाऱ्याला दिली.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याच्यावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले ते कुरटे बेट अभ्यासाला फार सोयीचे आहे. पश्चिमेकडच्या तटाखालच्या खडपांवर खुल्या समुद्राची लाट थेट आदळते, तर मालवणच्या बाजूला पाणी निवांत असते आणि खडकांमध्ये वाळू साचते. लाटेच्या बाजूला आखूड, चिवट, खडकाला बिलगणारी लाल शैवाले टिकतात. आडोशाला पंख्यासारखी पडायना आणि वाळूत पसरणारी कॉलर्पा तग धरते. बेट एकच, पण दोन बाजूंना वस्ती दोन तऱ्हांची. उंचीप्रमाणेही पट्टे पडतात. फक्त उधाणाच्या भरतीत भिजणाऱ्या कातळावर बारीक गोगलगायी असतात. त्याखाली बार्नॅकल (खडकाला चिकटलेले कवचधारी प्राणी), कालवे आणि हिरवी अल्वा, मग लाल गटातील ग्रॅसिलॅरिया, आणि अगदी खाली, सुकतीलाही क्वचितच उघडा पडणारा सरगॅसमचा पट्टा. या तपकिरी झुडपांत लहान खेकडे, कोळंबीची पिल्ले, समुद्रससे (गोगलगायींच्या जातकुळीतले मऊ प्राणी) आणि माशांची पोरे लपतात. जवळच प्रवाळही आहेत. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो.

पावसाळा हे सगळे उलथून टाकतो. उत्तरेला गड नदी आणि दक्षिणेला कर्ली नदी गढूळ गोडे पाणी समुद्रात ओतते, लाटा खडप झोडपतात, आणि बहुतेक शैवाले उन्मळून जातात. सरगॅसमची फक्त पकड उरते. तिच्यातूनच दिवाळीनंतर नवे कोंब येतात आणि हिवाळ्यात ते भराला येतात. पोरफायराचे मात्र उलटे आहे. हे पातळ, जांभळट पडद्यासारखे लाल शैवाल ऐन पावसाळ्यात वरच्या कातळावर दिसते. उरलेल्या काळात या गटातील शैवाले सूक्ष्म तंतूंच्या रूपाने शिंपल्यांच्या कवचात राहतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी हे १९४९ मध्ये दाखवून दिले. शिंपले नाहीसे झाले तर अशा शैवालालाही ओसरी राहत नाही. म्हणून शैवाले आणि प्राणी यांच्या वेगवेगळ्या याद्या करून भागत नाही.

कामाची वेळ चंद्र ठरवतो. पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा आणि दर्यावर्द्यांचा जुना हिशोब. पंचमीला पावणेचार, अमावस्येला सव्वाअकरा. त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण सुकती. शैवालांसाठी अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाणाचे दिवसच धरावेत, कारण भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असलेल्या, दिवसांत खालचा पट्टा उघडाच पडत नाही. काठापासून पाण्याकडे दोरी ताणून तिच्यावर ठरावीक अंतराने अर्धा मीटर बाजूची चौकट ठेवतात आणि आतले प्रत्येक शैवाल, प्राणी व मोकळा खडक नोंदतात. नमुना ताटलीतल्या पाण्यात पसरून त्याखालून जाड कागद उचलतात, वर मलमल आणि टिपकागद ठेवून दाबतात. बरीच शैवाले आपल्याच चिकाने कागदाला डकतात. जनुकीय तपासणीसाठी एक तुकडा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वाळवतात, कारण अनेक जाती नुसत्या रूपावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. कोणत्या खडपावर कधी काय उगवते हे कालवे काढायला जाणाऱ्या बायकांना ठाऊक असते. त्यांना विचारल्यावाचून जागा निवडू नये.

किनाऱ्यापासून दूर, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी उंचवटा आहे. त्याचा माथा साधारण २० मीटर खोल आहे. नद्यांचा गाळ तेथवर पोहोचत नाही, त्यामुळे स्वच्छ पाण्यात प्रवाळ वाढतात. चुन्याचा थर धरणारी लाल शैवाले असे प्रवाळखडक सांधून धरतात.

शैवालशेतीचा प्रश्न आता कोकणाच्याही दारात आहे. अगर हा घट्ट करणारा पदार्थ ग्रॅसिलॅरिया व जेलिडियम या लाल शैवालांपासून, तशाच कामाचे अल्जिनेट सरगॅसमपासून मिळते, पण शेतीसाठी सर्वांत जास्त चर्चा असते ती फिलिपाइन्सकडून आलेल्या कॅपाफायकस या लाल शैवालाची. तमिळनाडूत लागवड झालेले हे शैवाल मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदले गेले. मालवणच्या खडपांजवळ त्याच्या दोऱ्या बांधण्याआधी निदान दोन पावसाळ्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या नोंदी, त्याच चौकटींत, हाती असल्या पाहिजेत.