अंडरग्राउंड की इंडिपेंडंट? पाटी रंगवण्याआधी वाचा

परवा कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या एका प्रदर्शनात चित्रकला शिकणाऱ्या एका पोरानं टेबल मांडलं होतं. झेरॉक्स काढून मधोमध पिना मारलेल्या वह्या आणि वर पाटी : 'अंडरग्राउंड कॉमिक्स, ५० रुपये'. आत रंकाळ्यावरची संध्याकाळ, पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशी आणि आजीचा नवा मोबाइल. हात झकास होता. पण यात अंडरग्राउंड काय? कागद हलका आणि शाई काळी, एवढंच. हल्ली तेवढ्यावर भागतं. तेच जाड कागदावर छापलं की 'इंडिपेंडंट'. आणि ज्याला कॉमिक म्हणायची लाज वाटते, तो 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणतो.

इंद्रजालचा वेताळ आणि अमर चित्रकथा आपण कोळून प्यायलो आहोत, त्यावर शाई घालवत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा : वेताळाला जन्म देणाऱ्या लेखकाकडे त्याचे हक्क नव्हते, ते वृत्तपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे सिंडिकेटकडे होते. पुढं उपयोग आहे.

कागद, रंग, पानं, खप यांवरून अंडरग्राउंड आणि इंडिपेंडंट यांत फरक करता येत नाही. दोन्हीकडं सगळं सापडतं. गोंधळ खरा वेगळ्याच जागी होतो, कारण दोघांनाही 'स्वातंत्र्य' हा एकच शब्द लावला जातो. स्वातंत्र्य कुणापासून, हे कोणी विचारत नाही.

अंडरग्राउंडचं भांडण परवानगीशी होतं. अमेरिकेत १९५४ साली प्रकाशकांनी आपणहून 'कॉमिक्स कोड' लावून घेतला. तो कायदा नव्हता. पण मुखपृष्ठावर त्याचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायचे नाहीत, म्हणजे स्टॉलवर तो दिसणारच नाही. रक्तपिपासू भुतं बंद, गुन्हेगार जिंकणं बंद, नावात 'हॉरर' शब्दही बंद. मग काहींनी तो रस्ताच सोडला. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत चित्रकार रॉबर्ट क्रम्बनं 'झॅप' या कॉमिकचा पहिला अंक बाबागाडीत घालून रस्त्यावर विकला. पुढं हे अंक चिलमी आणि पोस्टरं विकणाऱ्या 'हेड शॉप'मधून खपले. लैंगिकता, नशा, युद्धविरोध, जे शिक्क्यासह छापता येत नव्हतं तेच छापायचं. १९७२ साली बायकांनी 'विमेन्स कॉमिक्स' काढलं, कारण या बंडखोर पुरुषांच्या पानांवरही बाईची गत बरी नव्हती. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अश्लीलता ठरवताना स्थानिक समाजाचे निकष लावायला मुभा दिली, दुकानदार बिचकले आणि ती लाट ओसरली.

इंडिपेंडंटचं भांडण मालकीशी. इथं वेताळाचे हक्क आठवा. १९३८ साली सुपरमॅनचे हक्क त्याला जन्म देणाऱ्या सीगल आणि शुस्टर यांनी १३० डॉलरला विकले, पुढची कमाई कंपनीची. हे टाळायचं म्हणजे पात्र आपल्याच नावावर ठेवायचं. मजकूर सोज्वळ असला तरी चालतो! १९७८ पासूनचं 'एल्फक्वेस्ट' वेंडी आणि रिचर्ड पिनी या जोडप्यानं स्वतःच छापलं. 'निन्जा टर्टल्स' १९८४ साली दोघा चित्रकारांनी घरच्या पैशांतून काढलं, पहिल्या छपाईच्या प्रती सुमारे ३०००. काळ्या-पांढऱ्यात, कारण रंग परवडत नव्हता. पुढं त्या कासवांची खेळणी जगभर गेली, तरी त्या वेळी हक्क दोघांकडेच होते. म्हणजे इंडिपेंडंट गडगंज होऊ शकतो. हे ऐकून आपल्याकडच्या 'खऱ्या कलावंतां'चं तोंड वाकडं होतं. होऊ दे.

आता खरी मेख. अंडरग्राउंडवाल्यांच्या चित्रांचे हक्कही बहुतेक त्यांच्याकडेच असायचे. म्हणून लोक दोघांना एकाच दावणीला बांधतात. पण तिथं मालकी ओघानं आली होती, भांडण तिच्यासाठी नव्हतं. उलट इंडिपेंडंटवाल्यांना दुकान हवं होतं, आणि ते मिळालं हिशेबाच्या एका बदलामुळे. बिंदू चौकातल्या पेपरवाल्याला विचारा, न खपलेले अंक परत जातात. अमेरिकेतही तसंच होतं. सत्तरच्या दशकात कॉमिक्सच्या खास दुकानांनी जास्त कमिशन घेऊन परतीचा हक्क सोडला. किती प्रती लागणार हे छापण्याआधीच कळू लागलं, तेव्हा छोटा माणूस छपाईचं धाडस करू शकला. अंडरग्राउंडला आडवा आला शिक्का, इंडिपेंडंटला करार आणि परतीचे गठ्ठे.

आपल्याकडं जवळचं उदाहरण कॉमिक्सबाहेरचं आहे. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले कवी अरुण कोलटकर आणि त्यांचे सोबती 'शब्द' हे छोटं नियतकालिक सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून, चालवायचे. प्रस्थापित संपादकांना विचारायचंच नाही, हा अंडरग्राउंडचा बाणा. स्वखर्चानं पुस्तक छापून हक्क स्वतःकडं ठेवणारा लेखक मात्र इंडिपेंडंट. ओरिजीत सेन यांचं नर्मदेवरच्या धरणाविषयीचं कॉमिक 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ साली 'कल्पवृक्ष' या पर्यावरण गटानं काढलं. सरकारी धोरणाला धारेवर धरणारं, तरीही मी त्याला अंडरग्राउंड म्हणणार नाही. तसला शिक्का आपल्याकडं नव्हता, मग झुगारणार काय?

त्या पोराला एवढंच विचारलं, "हे छापताना कुणी अडवलं?"

"नाही काका."

"हक्क कुणाचे?"

"माझेच की!"

"मग पाटी बदल. इंडिपेंडंट लिही."

त्यानं पाटीकडं बघितलं. "काका, सकाळी तेच लिहिलं होतं. एक प्रत खपली नाही. ही पाटी लावल्यापासून अकरा गेल्या."

बारावी मी घेतली.