बेस गिटार : हौशी फेरजोडणी आणि पारख

विकत घेतलेली इलेक्ट्रिक बेस गिटार आहे तशीच न ठेवता तिचे पिकअप (तारांच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारे भाग), नियंत्रणे, वायरिंग, तारा, घोडी आणि क्वचित पडदेसुद्धा आपल्या कानाला रुचेल असे बदलून घेणे आणि या उद्योगातून जुन्या-नव्या वाद्यांची पारख करायला शिकणे, असा हा दुहेरी छंद आहे. तो अमेरिकेत रुजला आणि त्याची परिभाषा आजही बरीचशी तिकडचीच आहे. इतर विद्युत वाद्यांपेक्षा बेस गिटार या छंदाला अधिक मानवते, याचे कारण तिच्या अंतरंगाच्या साधेपणात आहे. एक पिकअप, दोन पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करणारी फिरती नियंत्रणे), टोनसाठी एक कपॅसिटर आणि केबल लावायचा एक जॅक एवढ्यावर फेंडरच्या प्रिसिजन बेसचे संपूर्ण विद्युत मंडल पुरे होते. भाग इतके थोडे असल्यामुळे त्यातला कोणताही बदलला तरी तो ऐकू येण्याची शक्यता असते, आणि चूक झाली तर ती शोधायला फार लांब जावे लागत नाही.

या साधेपणामागे लिओ फेंडर हा एक रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्यांच्याआधी पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात सिएटलमध्ये पडदे असलेली, आडवी धरून वाजवायची विद्युत बेस बनवली होती. परंतु ती फारशी खपली नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली, आणि बेस गिटारचे आजचे रूप तिथून सुरू झाले. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून हे नाव. तारेची वाजती लांबी ३४ इंच म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर ठेवली गेली, आणि बहुतेक बेस आजही त्याच मापाच्या असतात. फेंडर यांनी दांडी डिंकाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली आणि वायरिंग उघडता येईल अशा पट्टीखाली ठेवले. उद्या हे वाद्य दुरुस्तीला येणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. हौशी माणसाचा हात आत शिरतो तो याच वाटेने. १९५७ मध्ये प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला. एक तुकडा ई व ए तारांखाली, दुसरा डी व जी तारांखाली. दोघांचे वेढे आणि चुंबकध्रुव परस्परविरुद्ध, त्यामुळे तारांचा आवाज टिकतो आणि बाहेरून आलेली विजेची गुणगुण आपापसांत कटते. १९६० मध्ये दोन पिकअपांची, निमुळत्या दांडीची जॅझ बेस आली. तिच्यावर आधी एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते. १९६२ च्या सुमारास त्यांच्या जागी दोन व्हॉल्यूम व एक टोन अशी तीन नॉबांची मांडणी रूढ झाली. फेरजोडणीचे बहुतेक धडे या दोन वाद्यांवरच गिरवले जातात.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र डळमळते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मल्टिमीटर लावला तर जॅझ बेसचा पिकअप साधारण सात-आठ किलोओहम दाखवतो आणि प्रिसिजनचा दहा-अकरा. नवशिके या आकड्यावरून पिकअप किती ‘ताकदीचा’ ते ठरवतात, पण आवाजाचा पोत ठरतो तो पिकअपच्या प्रवर्तकतेवर (इंडक्टन्स) आणि तिला मिळणाऱ्या धारितेवर (कपॅसिटन्स). उदाहरणार्थ, पिकअपची प्रवर्तकता ४ हेन्री धरू. सहा मीटर केबलची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅरड या हिशेबाने ६०० पिकोफॅरड होते. वेढ्यांची स्वतःची धारिता बाजूला ठेवली, तर या जोडीचे अनुस्पंदन, म्हणजे ती ज्या कंप्रतेला (फ्रीक्वेन्सी) सर्वांत जोराने प्रतिसाद देते ती जागा, ३.२ किलोहर्ट्झच्या आसपास येते. केबल निम्मी केली की ते ४.६ किलोहर्ट्झपर्यंत चढते आणि तारेवर बोट घासल्याचा आवाजसुद्धा उठून ऐकू येतो. महागडा पिकअप मागवण्याआधी शेजारच्याची आखूड केबल मागून पाहावी, हा सल्ला थट्टेचा वाटला तरी शास्त्राला धरून आहे.

या अनुस्पंदनाचा उंचवटा किती टोकदार राहील, हे पॉट ठरवतात. जॅझ बेसमध्ये २५० किलोओहमचे तीन पॉट असतात. तिन्ही पूर्ण उघडले असता उच्च कंप्रतांना ते समांतर जोडणीत दिसतात आणि पिकअपवर जेमतेम ८३ किलोओहमचा भार पडतो. त्याजागी ५०० चे पॉट घातले तर भार हलका होतो आणि आवाज उजळतो, काहींच्या मते जरा जास्तच. शिवाय पॉटवरचा आकडा सहसा वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. २५० लिहिलेला पॉट मोजल्यावर २०५ निघाला, तर व्हॉल्यूमसाठी तो बाजूला ठेवून २८० चा निवडायचा, एवढी निवड दुकानात मीटर घेऊन उभे राहिले तरी साधते. आशियाई बनावटीच्या पॉटवर आकड्याआधी ‘ए’ असेल तर तो कानाच्या चढणीचा (लॉगरिदमिक) आणि ‘बी’ असेल तर सरळ चढणीचा समजावा. ‘बी’ व्हॉल्यूमला लावला की निम्म्या फिरकीपर्यंत फारसा फरक जाणवत नाही आणि उरलेल्या वाटेत आवाज कोसळतो.

टोनच्या कपॅसिटरवर मात्र गरजेपेक्षा फार जास्त शाई आणि पैसा खर्च झालेला आहे. परंपरागत मूल्य ०.०४७ किंवा ०.०५ मायक्रोफॅरड. कपॅसिटरवर ते ‘४७३’ असे छापलेले असते, म्हणजे ४७ आणि त्यापुढे तीन शून्ये, पिकोफॅरडमध्ये. टोनचा नॉब पूर्ण मिटवला की वरच्या उदाहरणातल्या पिकअपचा उंचवटा ‘४७३’ मुळे ३७० हर्ट्झच्या जवळ सरकतो, ‘२२३’ मुळे ५४० च्या जवळ, आणि ‘१०४’ मुळे २५० पर्यंत खाली येऊन आवाज गादीखाली दबल्यासारखा होतो. हा फरक खरा आहे आणि ऐकण्याजोगा आहे. तो अजमावण्याची उत्तम रीत अशी : जुन्या कपॅसिटरचा एक पाय सोडवून तिथून दोन लांब वायरी पट्टीखालून बाहेर काढाव्यात, टोकांना मगरचिमटे लावावेत आणि वाजवणाऱ्याला पाठमोरा बसवून दुसऱ्याने एकेक मूल्य चिमट्यात धरून पाहावे. तेलात मुरवलेला कागदी कपॅसिटर आणि काही रुपयांचा हिरवा पॉलिएस्टर यांची मोजलेली धारिता सारखी असेल, तर या परीक्षेत त्यांना वेगळे ओळखणे कोणाला जमत नाही असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. डोळ्यांना ते वेगळे दिसतात, हे खरे.

जॅझ बेसच्या वायरिंगमध्ये एक बारीक खोच आहे. नेहमीच्या व्हॉल्यूम पॉटमध्ये पिकअपची वायर कडेच्या पायाला लावून आवाज मधल्या पायावरून घेतात. जॅझमध्ये पिकअप मधल्या पायाला येतो आणि आवाज कडेच्या पायावरून निघतो. त्यामुळे एक पिकअप पूर्ण मिटवला तरी दुसरा वाजत राहतो. ज्याने हे लक्षात न घेता सवयीने वायरी अदलाबदल केल्या, त्याला नंतर एक नॉब मिटवताच सगळी बेस मुकी झालेली आढळते. दोन पिकअपांचे वेढे आणि ध्रुव परस्परविरुद्ध असल्याने दोन्ही नॉब सारखे उघडले असताना गुणगुण कटते आणि एक जरासा खाली आणला की परत येते. हा बिघाड समजून जॅझ बेस दुरुस्तीला आणणारे कमी नाहीत.

हेच दोन पिकअप समांतर जोडणीऐवजी एकसर (सीरीज) जोडणीत लावणे हा हौशी मंडळींचा सर्वांत आवडता बदल म्हणता येईल. समांतर जोडणीत ४ हेन्रीचे दोन पिकअप मिळून २ हेन्री होतात, एकसर जोडणीत ८. म्हणजे त्याच केबलवर अनुस्पंदन बरोबर एक सप्तक खाली उतरते. आवाज मोठा होतो, मधला भाग भरतो, आणि जॅझचा पोकळ, किंचित नाकातला सूर जाऊन प्रिसिजनची आठवण करून देणारा जाडसर सूर येतो. त्यासाठी ओढून वर येणारा खटका असलेला पॉट बसवला की लाकडाला नवे भोकही पाडावे लागत नाही.

गुणगुण हा स्वतंत्र विषय आहे. भारतात विजेची कंप्रता ५० हर्ट्झ आहे आणि ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी स्वर ४९ हर्ट्झचा. एकेरी पिकअपवर हा स्वर लांबवला की गुणगुण त्याच्याशी सेकंदाला एक याप्रमाणे हेलकावे घेते. अमेरिकेतली ६० हर्ट्झची गुणगुण बी स्वराच्या अंगाला लागते. पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती जमिनीच्या (ग्राउंड) वायरला जोडली की ट्यूबलाइटची आणि डिमरची चरचर कमी होते. पण रोहित्रातून येणारी चुंबकीय गुणगुण तांब्याला जुमानत नाही. कोणती कोणती, हे ओळखायला बेस घेऊन जागच्या जागी गोल फिरावे : दिशेबरोबर कमीजास्त होते ती चुंबकीय. तारांना हात लावताच चरचर थांबते ती घोडीखालून गेलेल्या जमिनीच्या वायरमुळे, आणि ती वायर तुटलेली असेल तर हात लावल्यावर चरचर उलट वाढते. याच वायरमुळे वादकाचे शरीर अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूशी जोडलेले राहते. अर्थिंग नसलेल्या जागी, विशेषतः मांडवातल्या तात्पुरत्या जोडणीवर, एक हात तारांवर आणि ओठ माईकवर अशी स्थिती जिवावर बेतू शकते. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्झी येथे लेस हार्वी हा गिटारवादक मंचावर अशाच धक्क्याने मरण पावला. दोष तेव्हा गिटारमध्ये नसतो, भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो. तो गिटार उघडून सुटत नाही.

पिकअपचा क्षीण आवाज बेसमध्येच वाढवणारा, बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प बसवण्याची प्रथा १९७० च्या दशकात रूढ झाली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील अलेम्बिक कंपनीने ती आधी हाताळली आणि १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने ती सर्वसामान्य वादकापर्यंत नेली. न्यूयॉर्कमध्ये कारागीर रॉजर सॅडॉस्की यांनी बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये प्रीअ‍ॅम्प बसवला, आणि त्या एका वाद्याच्या आवाजामागे जगभरच्या हौशींनी आपापल्या जॅझ बेस उघडल्या. ९ व्होल्टची बॅटरी चालूबंद करायला वेगळे बटण नसते. तीन टोकांच्या जॅकमध्ये केबल खुपसली की मंडल पूर्ण होते. केबल काढायला विसरले की कार्यक्रमाच्या दिवशी बॅटरी गतप्राण असते.

सर्वांत मोठा फरक मात्र डाख (सोल्डर) न लावताही पडतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वाजलेली बेसवादक जेम्स जेमर्सन यांची १९६२ ची प्रिसिजन अगदी मूळ स्थितीत होती. चपट्या वेष्टणाच्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारा आणि घोडीच्या झाकणाखालचा फोमचा तुकडा, एवढीच तिची सामग्री. उलट टोकाला बेसवादक जॅको पास्टोरियस यांची १९६२ ची जॅझ बेस आहे. तिचे पडदे काढून, खाचा भरून, दांडीवर नौकांसाठीच्या इपॉक्सीचा थर दिलेला होता, कारण गोल वेष्टणाच्या तारा उघडे लाकूड कानशीप्रमाणे खातात. पडदे गेल्यावर बोट सरकवून जो स्वर निघतो त्याला मींड हाच शब्द नेमका आहे. पडदे काढणे सोपे. ते परत बसवणे कारागिराचे काम. पिकअपची उंची बदलणे मात्र दोन स्क्रूंचे काम आहे : शेवटच्या पडद्यावर तार दाबून खालचे अंतर अडीच-तीन मिलिमीटरपासून सुरू करावे आणि कानाने पुढे जावे. चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ८० किलो वजनाइतका असतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दांडी त्याखाली हलते, म्हणून तिच्या आतील, दांडीचा बाक सांभाळणाऱ्या सळईला वर्षातून एकदोनदा पाव फेरा देणे हे बदलात न मोडणारे, नित्याचे काम समजले जाते.

महाराष्ट्रात या छंदाचे सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधले जाते. कपॅसिटर, डाखाची तार, जाळीदार वायर सहज मिळतात. पॉट घेताना दांडा पाहावा लागतो : अमेरिकी बेसचा नॉब पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या गुळगुळीत दांड्यावर स्क्रूने आवळतो, आणि बाजारातल्या पॉटचा दांडा बहुधा ६ मिलिमीटरचा, खाचांचा असतो. नॉब मग वाकडा बसतो. फटीत तांब्याच्या पट्टीचा एक वेढा दिला की सरळ होतो.

जुन्या बेसची पारख करताना याच पॉटची पाठ वाचली जाते. ‘१३७६६१२’ असा शिक्का असेल, तर १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ६६ हे वर्ष आणि १२ हा आठवडा. म्हणजे ती बेस १९६६ च्या मार्चआधीची असू शकत नाही. नंतरची मात्र असू शकते, कारण कारखान्यात पॉट पडून राहत. शिक्क्याइतकेच लक्ष डाखाकडे द्यावे लागते. एकदाच लावलेला डाख धुरकट, बसका आणि कडेला तपकिरी राळ सांडलेला दिसतो; चकचकीत, फुगीर थेंब आणि शेजारी करपलेले वेष्टण म्हणजे तिथे नंतर कोणाचा तरी हात लागला आहे. १९७० च्या दशकात अनेकांनी साठच्या दशकातल्या बेस कोरून जादा पिकअप बसवले. तेव्हा त्या केवळ जुन्या गिटार होत्या. आज त्या कोरीव पोकळीमुळे वाद्याची किंमत घसरते. म्हणून जाणते हौशी लाकूड कापत नाहीत आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका कपॅसिटरसुद्धा, तारीख लिहिलेल्या पाकिटात घालून गिटारच्या पेटीत ठेवतात.