माउस मेनू (वर्डस्टारसाठी)

माउस मेनू म्हणजे डॉसच्या (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम) काळात माउसबरोबर मिळणारी एक छोटी युटिलिटी. ती मेमरीत बसून राहते, माउस न समजणाऱ्या प्रोग्रामच्या स्क्रीनवर स्वतःचा मेनू उघडते आणि त्यातून निवडलेलं काम त्या प्रोग्रामकडे कीबोर्डवरून टाइप झाल्यासारखं पाठवते. लोटस १-२-३, मल्टिप्लॅन (दोन्ही स्प्रेडशीट) वगैरे बऱ्याच प्रोग्रामसाठी असे मेनू वापरले गेले, पण या नोंदीत मुख्यतः वर्डस्टार हा त्या काळचा वर्ड प्रोसेसर (मजकूर लिहून छापायचा प्रोग्राम) आणि मायक्रोसॉफ्टचा माउस मेनू एवढंच घेतलंय, कारण या पद्धतीची ताकद आणि तिच्या अडचणी दोन्ही वर्डस्टारवर सगळ्यात स्पष्ट दिसतात. वर्डस्टारला यातलं काहीच कळत नाही हे आधीच सांगितलेलं बरं, त्याच्या लेखी कोणीतरी भलत्याच वेगाने टाइप करतंय एवढंच, आणि पुढचे बहुतेक सगळे फायदे-तोटे यातूनच निघतात.

उगम आणि काळ

वर्डस्टार नक्की कोणत्या साली आलं यावर एकमत नाही. सिमोर रुबिन्स्टाइन यांनी मायक्रोप्रो ही कंपनी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात काढली, रॉब बार्नबी यांनी तिच्यासाठी आधी वर्डमास्टर नावाचा एडिटर लिहिला आणि मग त्याच धाग्याने पुढे वर्डस्टार. काही ठिकाणी वर्डस्टारचं सालही १९७८ च दिलेलं असतं, पण ते बहुधा कंपनी आणि वर्डमास्टर यांच्या सालाशी गल्लत होऊन आलेलं असावं, विक्रीसाठी वर्डस्टार १९७९ च्या मध्याला आलं हे मत जास्त पटण्यासारखं आहे. ते सीपी/एम या डॉसच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी होतं, आयबीएम पीसीवर ते १९८२ मध्ये आलं.

तेव्हाच्या कित्येक टर्मिनलांवर वेगळ्या ॲरो की नव्हत्या, फंक्शन की तर दूरच, म्हणून सगळी कामं कंट्रोल आणि एखादं अक्षर यांवर बसवली. कर्सर हलवायला डाव्या हाताखालची ई, एस, डी, एक्स ही चौकट, ब्लॉक आणि फाइलच्या कामांना कंट्रोल-के, लांब उड्या आणि शोधायला कंट्रोल-क्यू, मार्जिन वगैरेंना कंट्रोल-ओ, छपाईच्या खुणांना कंट्रोल-पी. या चार उपसर्गांमागे आणखी एक अक्षर लागतं. मेनू वर्डस्टारमध्ये पहिल्यापासून होते, पण ते वाचायचे, निवडायचे नाहीत, म्हणजे कंट्रोल-के दाबून थोडं थांबलं की के-चा मेनू वर यायचा आणि न थांबता पुढचं अक्षर दाबलं तर यायचाच नाही. ज्याला येतं त्याच्या वाटेत न येणं ही कल्पना तेव्हा फार हुशारीची होती, आणि खरं सांगायचं तर आजही आहे.

जोड म्हणून विकलेल्या गोष्टी मेनूत दिसण्याची सोयही वर्डस्टारमध्ये आधीच होती. ३.x मालिकेत मेलमर्ज (एकच पत्र अनेकांच्या नावाने छापायला) आणि स्पेलस्टार (शुद्धलेखन तपासायला) हे वेगळे विकत घ्यायचे भाग, त्यांची ओव्हरले फाइल (प्रोग्रामचा गरजेपुरता मेमरीत येणारा तुकडा) डिस्कवर लागायची, आणि सुरुवातीच्या मेनूत एम आणि एस अशी त्यांची अक्षरं असायची. काही जण माउस मेनूचा वंश इथपर्यंत नेतात, पण ते जरा ओढूनताणून वाटतं. मेलमर्ज वर्डस्टारच्याच कोडचा भाग होऊन चालतं, माउस मेनू पूर्णपणे बाहेरचा.

पीसीवर माउस आधी कोणी आणला हा आणखी एक वादाचा मुद्दा. माउस सिस्टिम्सचा पीसी माउस साधारणपणे १९८२ चा धरला जातो, ऑप्टिकल, जाळी छापलेल्या धातूच्या खास पॅडवरच चालणारा. मायक्रोसॉफ्टचा माउस मे १९८३ मध्ये जाहीर झाला, दोन हिरवी बटणं, किंमत १९५ डॉलर. माउस सिस्टिम्स आणि लॉजिटेक या दोघांच्याही माउसबरोबर पुढे स्वतःची पॉप-अप मेनूची सॉफ्टवेअर मिळायची, त्यामुळे ही कल्पना एकाच कंपनीच्या नावावर टाकणं योग्य नाही. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत १९८३ हे साल हार्डवेअरचं, मेनूची भाषा ज्या रूपात माहीत आहे ते रूप १९८० च्या दशकाच्या मध्याचं धरणं सुरक्षित. १९८९ मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रेसने काढलेल्या माउसच्या प्रोग्रामिंग मॅन्युअलात ती सविस्तर दिलेली आहे. पण माउस आला त्या वेळी दुकानातले जवळजवळ सगळे प्रोग्राम माउस न समजणारे होते आणि १९५ डॉलर देऊन घेतलेल्या वस्तूचा गिऱ्हाईकाला काहीतरी उपयोग दाखवायला हवा होता, ही गरज मात्र सगळ्याच कंपन्यांची सारखीच.

रचना

आधी माउसचा ड्रायव्हर (माउस मशीनला जोडून देणारा प्रोग्राम) चढवायचा, मग मेनूचा प्रोग्राम, मग वर्डस्टार, क्रम हाच. मेनूची व्याख्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची, तिचं एक्स्टेन्शन डीईएफ, मेकमेनू नावाच्या प्रोग्रामने ती कंपाइल केली की एमएनयू फाइल तयार होते, आणि ती मेनू डॉट कॉम ने चालवायची. बंद करायला मेनू ऑफ.

ही व्याख्या 'बिगिन' या विधानाने सुरू होते. डावं बटण, उजवं बटण, दोन्ही एकदम, आणि माउस डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हलवणं अशा प्रत्येक घटनेला काय करायचं ते तिथे नेमून द्यायचं, शेवटी आडव्या-उभ्या हालचालीची संवेदनशीलता. 'मेनू' विधानाने एका उभ्या रांगेचा चौकटीतला मेनू बनतो, 'पॉपअप' ने हवा तसा मांडलेला अनेक रांगांचा, 'टाइप' ने की पाठवल्या जातात, 'एक्झिक्यूट' ने एकामागून एक अनेक विधानं चालवता येतात आणि 'नथिंग' म्हणजे काही करू नको.

वर्डस्टारसाठी हे लिहिणं तसं सोपं, कारण कंट्रोलसह अक्षराचा आस्की क्रमांक (मशीन त्या कीसाठी वापरतं तो आकडा) म्हणजे त्या अक्षराचा वर्णमालेतला नंबरच. कंट्रोल-के म्हणजे ११, कंट्रोल-क्यू १७, ओ १५, पी १६. त्यामुळे 'ब्लॉकची सुरुवात' या पर्यायासमोर ११ आणि त्यापुढे बी, 'ब्लॉकचा शेवट' समोर ११ आणि के, 'कॉपी' समोर ११ आणि सी, 'सेव्ह करून पुढे चालू' समोर ११ आणि एस, परिच्छेद परत जुळवायचा तर नुसते २, कारण ते काम कंट्रोल-बी करतं. दोन्ही की एका दमात जात असल्यामुळे वर्डस्टारचा स्वतःचा के-मेनू मध्ये डोकावत नाही, थांबलं तरच मेनू दाखवायचा हा त्याचा नियम इथे आयता उपयोगी पडतो. मग हेल्प लेव्हल (वर्डस्टारने किती मेनू दाखवायचे त्याची पातळी) कंट्रोल-जे एच ने ३ वरून २ वर आणली की वरचा कायमचा मुख्य मेनूही जातो आणि पंचवीस ओळींच्या स्क्रीनवर मजकुराला बरीच जागा मिळते. मेनू दोन ठिकाणी कशाला, एक पुरे.

सगळ्यात रंजक विधान 'मॅच'. ते स्क्रीनवरच्या ठराविक ओळीत, ठराविक कॉलममध्ये कोणता मजकूर दिसतोय ते तपासतं, जुळला तर एक कृती, नाही जुळला तर दुसरी. वर्डस्टारला याची गरज पडते कारण सुरुवातीच्या मेनूवर डी म्हणजे डॉक्युमेंट उघडा, पी म्हणजे छापा, आणि फाइल उघडलेली असताना तेच डी आणि पी म्हणजे मजकुरात टाइप झालेली दोन अक्षरं. तेव्हा एकाच बटणावर दोन मेनू ठेवायचे असतील तर आपण आत्ता कुठे आहोत हे कळलं पाहिजे, आणि बाहेरून बघणाऱ्या प्रोग्रामला ते कळायचा एकच मार्ग, स्क्रीन वाचणं. यातली गोम अशी की स्क्रीनवरचा मजकूर आवृत्तीप्रमाणे बदलतो. जुन्या आवृत्त्यांत वरच्या ओळीत 'एडिटिंग नो फाइल' आणि खाली नो-फाइल मेनू, ३.३ मध्ये 'नॉट एडिटिंग' आणि ओपनिंग मेनू. म्हणजे एका आवृत्तीसाठी नीट बसवलेली व्याख्या दुसऱ्या आवृत्तीवर चुकीचा मेनू उघडणार, आणि इन्स्टॉल प्रोग्रामने कोणी स्क्रीनची मांडणी बदलली असेल तर तिथेही तेच. अनोळखी डीईएफ फाइल हातात आली तर सगळ्यात आधी तिच्यातली मॅचची विधानं पाहावीत.

वापरातल्या मर्यादा

माउसने नेमकं बोट ठेवून कर्सर तिथे नेता येत नाही. माउस हलला की ॲरोच्या किंवा कंट्रोल-ई-एस-डी-एक्सच्या की एकामागून एक सुटतात आणि कर्सर अक्षर-अक्षर सरकत जातो, मशीन हळू असेल तर माउस थांबल्यावरही रांगेत उरलेल्या की संपेपर्यंत तो पुढे जातच राहतो. टेबलाला धक्का लागून कर्सर भलतीकडे गेला हेही होतं, त्यामुळे हालचालीला काहीच न नेमता फक्त बटणांवर मेनू ठेवणं हा जास्त शहाणपणाचा प्रकार. ब्लॉक निवडायलाही ओढून नेणं वगैरे नाही, सुरुवातीला एकदा मेनू, शेवटी परत एकदा मेनू.

मेनूला वर्डस्टारच्या आतली अवस्था माहीत नसते. ठळक अक्षरांची खूण कंट्रोल-पी बी, ती एकदा दिली की ठळक सुरू, परत दिली की बंद, दोन्हीला कमांड एकच. मेनूत 'बोल्ड' असा एकच पर्याय दिसतो, नवखा माणूस तो एकदा निवडतो, बंद करायचं राहतं आणि प्रिंटरमधून उरलेलं सगळं पत्र ठळक येतं. तशीच गोष्ट प्रॉम्प्टची. दुसरी फाइल आत घ्यायला कंट्रोल-के आर पाठवलं की वर्डस्टार फाइलचं नाव विचारतं, ते हातानेच टाइप करावं लागतं, म्हणजे माउस अर्ध्या रस्त्यात सोडून कीबोर्डकडे. आणि असा प्रश्न स्क्रीनवर उभा असताना चुकून परत मेनू उघडून काही निवडलं तर त्या की उत्तराच्या जागी जाऊन पडतात.

मेमरीत बसणाऱ्या इतर प्रोग्रामांशी भांडण ही त्या काळाची नेहमीचीच डोकेदुखी. बोरलँड कंपनीचं साइडकिक (कोणत्याही प्रोग्रामवर उघडणारं नोटपॅड वगैरे) १९८४ चं, सुपरकी (की नेमून देणारा प्रोग्राम) त्यानंतरचं, दोघांचीही नजर कीबोर्डवरच, आणि कोण आधी चढला यावर कोणाला की आधी मिळणार ते ठरायचं. साइडकिकच्या नोटपॅडमध्ये वर्डस्टारच्याच कमांड चालत, त्यामुळे वर्डस्टारसाठी लिहिलेल्या मेनूचे बरेच पर्याय तिथेही अर्थपूर्ण ठरतात.

हे सगळं कोणासाठी होतं यावर दोन मतं आहेत. एक असं की माउस मेनू हा नवशिक्यांचा कुबडीसारखा आधार, आठवड्याभरात टाकून द्यायचा. दुसरं असं की रोज न लागणाऱ्या कमांडसाठी तो जाणकारांनाही उपयोगी. दुसऱ्या मताला कीबोर्डच्या बदलाने थोडं बळ मिळतं: पीसीच्या पहिल्या कीबोर्डवर कंट्रोल की ए-च्या डावीकडे, करंगळीखाली होती, १०१ कीच्या नव्या कीबोर्डवर ती खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्या जागी कॅप्स लॉक आला, वर्डस्टारची सगळी मांडणीच त्या जागेवर बेतलेली असल्यामुळे हात अवघडायला लागले. तरीही टायपिंग येणाऱ्या वर्डस्टारवाल्यांनी माउस उचलला असं फारसं दिसत नाही, त्यांनी कॅप्स लॉक आणि कंट्रोल यांची अदलाबदल करून घेतली, वर्डस्टारबरोबर त्यासाठी स्विच नावाची छोटी युटिलिटीही यायची. पहिलं मतच व्यवहाराला जास्त धरून आहे असं म्हणावं लागतं.

उतरता काळ

१९८८ च्या वर्डस्टार ५.० मध्ये पुल-डाउन मेनू आले, हेल्प लेव्हल ४ वर ठेवली की ते दिसत, आणि बाहेरून मेनू चिकटवायचं मुख्य कारणच गेलं. ७.० मध्ये, म्हणजे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, वर्डस्टारलाच माउस समजायला लागला. पण तोपर्यंत वर्डपरफेक्ट हा दुसरा वर्ड प्रोसेसर पुढे निघून गेला होता आणि विंडोज आलं होतं. जुन्या ३.x आणि ४.० वर अडून बसलेल्यांकडे मेनू अर्थातच चालू राहिले. कॅनडाचे विज्ञानकथालेखक रॉबर्ट जे. सॉयर यांनी २०२४ मध्ये वर्डस्टार ७.० चा मॅन्युअलांसकट संग्रह सगळ्यांसाठी खुला केला, तो डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरवर (आजच्या मशीनवर जुनं डॉस चालवून देणारा प्रोग्राम) चालतो आणि त्या आवृत्तीला माउस मेनूची गरजच नाही.

भारतात

भारतात १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढची काही वर्षं कॉम्प्युटर क्लासचा ठरलेला कोर्स म्हणजे डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस (माहितीच्या नोंदी ठेवायचा प्रोग्राम), आणि तो कंट्रोल-की पाठ करूनच शिकवला जायचा. महाराष्ट्रात वर्डस्टारची जी जोड खरी महत्त्वाची ठरली ती वेगळ्याच प्रकारची, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि मोहन तांबे यांच्या नावाशी जोडलेलं, पुढे पुण्याच्या सी-डॅकने पुरवलेलं जिस्ट कार्ड. ते मशीनच्या स्लॉटमध्ये बसवलं की वर्डस्टार, डीबेससारखे टेक्स्टवाले प्रोग्राम तसेच ठेवून त्यांत देवनागरी टाइप करता आणि पाहता यायची. तिथेही प्रोग्रामला आत हात न लावता बाहेरून काम भागवण्याची रीत तीच, फक्त कीबोर्डबरोबर स्क्रीनही सांभाळलेला आणि हे सगळं हार्डवेअरमध्ये केलेलं.