डब्यावरचं ‘एमए२’ कुणाच्या भरवशावर?

नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना एक्सलेटर पिळला की इंजिन ओरडतं, पण गाडी काही पळत नाही. क्लच घसरतोय हे नाशिकमधला कुठलाही मेकॅनिक ओळखेल. तो का घसरतो याचं उत्तर मात्र कधी कधी तेलाच्या डब्यावर असतं.

गिअरच्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. त्यामुळे तेलाने क्रँक आणि पिस्टनपाशी घर्षण कमी करायचं आणि क्लचप्लेटपाशी पकड टिकवायची, अशी दुहेरी अपेक्षा असते. मायलेजसाठी कारच्या काही तेलांत घर्षण घटवणारी रसायनं जास्त घालतात. कारचा क्लच कोरडा असल्याने तिथे अडत नाही. बाइकच्या प्लेट मात्र घसरू लागतात, तापतात, जळतात.

यासाठी जपानमध्ये १९९८ साली जासो (तिथली वाहन-मानक संस्था) टी ९०३ हे बाइकच्या तेलाचं मानक आलं. त्याच्या चाचणीत तीन गोष्टी मोजतात: क्लच घसरत असताना किती धरतो, पूर्ण जुळल्यावर किती धरतो आणि थांबायला किती वेळ घेतो. जास्त पकडीचं तेल एमए, कमी पकडीचं एमबी. एमएमध्ये तिन्ही निर्देशांक वरच्या पट्ट्यात बसले तर एमए२, खालच्या पट्ट्यात बसले तर एमए१. काही वर, काही खाली असले तर नुसतं एमए. म्हणून एकाच लेबलवर ‘एमए/एमबी’ दिसलं तर ते तेल तिथेच ठेवा. एक तेल दोन्ही असूच शकत नाही.

अधिकृत खूण म्हणजे छापील चौकट. तिच्यात मोठ्या अक्षरांत वर्ग, वर तेलाचा कोड क्रमांक आणि खाली हमी देणाऱ्या कंपनीचं नाव असतं. चौकट नसताना लिहिलेलं ‘एमए२ दर्जाचे’, ‘एमए२ च्या निकषांना अनुसरून’ हे कंपनीचं म्हणणं झालं. तसं चौकटीमागेही कंपनीने स्वतः करून घेतलेली चाचणीच असते; पण नोंदणी झालेली असल्याने क्रमांक नोंदणीच्या यादीत शोधता येतो, आणि खोटं बोलणाऱ्याला नेमकी हीच अडचण होते.

एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, तेलाला जे दर्जाचे वर्ग देते त्यांचंही तसंच. परवाना घेतलेल्या तेलावर गोल, वड्यासारखं चिन्ह असतं. नुसतं ‘एपीआय एसएन’ असं वर्गाचं नाव परवान्याशिवायही छापलेलं असू शकतं. त्या गोलात खाली ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असेल तर ते घर्षण घटवणारं तेल. तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचला ते टाळा. ‘एसएफ’ दिसलं तर तो कधीच कालबाह्य झालेला वर्ग आहे. २०डब्ल्यू-४० ही तर फक्त जाडी, तिच्यावरून क्लचचं काहीच कळत नाही. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिथे एमबी चालतं.

चुकीचं तेल पडलंच असेल तर आधी क्लच लिव्हरचा मोकळा खेळ, म्हणजे क्लच ओढला जाण्याआधी लिव्हर किती सैल हलतो, ते पाहा. तो बऱ्याच गाड्यांना १० ते २० मिलिमीटर असतो. खेळच नसेल तर तेल बदलूनही क्लच घसरेल. मग इंजिन कोमट असताना तेल पूर्ण काढा, फिल्टर बदला किंवा जाळी धुवा आणि मॅन्युअलमधल्या जाडीचं एमए किंवा एमए२ भरा. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना लिटरपेक्षा कमी लागतं, तेव्हा डबा रिकामा करू नका. थोडं चालवूनही घसरत राहिला तर प्लेटची जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजावी लागते. जळून काळ्या पडलेल्या प्लेट तेल बदलून सुधारत नाहीत.