भातावरील करपा आणि पिकाची परिस्थिती

करपा हा पायरिक्युलॅरिया ओरायझी या बुरशीमुळे भाताला होणारा रोग. तिचे बीजाणू वाऱ्याने सगळीकडे पसरतात, पण बीजाणू पानावर पडला म्हणजे रोग झालाच असे नाही. पान दहा-बारा तास सलग ओले राहिले आणि तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तर तो रुजून आत शिरतो. त्यामुळे भुरभुर पाऊस, ढगाळ दिवस आणि सकाळी उशिरापर्यंत न सुकणारे दव त्याला मानवते. चार-पाच दिवसांत पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असे ठिपके उमटतात.

पानांवरच्या करप्यातून पीक पुष्कळदा सावरते. खरा घात लोंबीच्या मानेवर होतो. दाणा दुधात येण्यापूर्वी मान काळी पडली, तर लोंबी पांढरी पडून ताठ उभी राहते. हातात चोळली की नुसते पळंज, म्हणजे पोकळ दाणे, निघते. उशिरा लागण झाल्यास दाणा बारीक राहतो आणि गिरणीत कणी होते.

युरिया एकदम जास्त दिला की पीक काळेभोर हिरवे आणि दाट होते. पाने लुसलुशीत राहतात, दाटीत दव सुकत नाही. बांधावरून जे शेत सर्वांत जोमदार दिसते, तेच आधी करपते. खाचर कोरडे पडले तरी धोका वाढतो, कारण साचलेल्या पाण्यात भात सिलिका (वाळूत असते ते खनिज) अधिक घेतो आणि ती पानाच्या सालीत साठून बुरशीची वाट अडवते. कोकणात कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेल्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळतात. त्यातून रोपांना सिलिका मिळते.

करपा खतावलेल्या भाताचा, तर तपकिरी ठिपके हा उपाशी भाताचा रोग. हलकी जमीन, पालाशची कमतरता आणि पाण्याचा ताण असला की तो बळावतो. १९४२ मध्ये बंगालमध्ये मात्र हवामानानेच त्याला हात दिला. दाणा भरण्याच्या काळात ढगाळ, दमट हवा टिकल्याने साथ पसरली आणि पुढच्या वर्षीच्या भीषण दुष्काळात तिचा मोठा वाटा होता, असे वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये मांडले. युद्धकालीन महागाई आणि ब्रह्मदेशातून बंद झालेली तांदळाची आयात हीही त्या दुष्काळामागची कारणे होती. रोगाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत.