टाळूविस्तारक

वाढत्या वयातील मुलांच्या वरच्या जबड्याची रुंदी वाढवण्यासाठी वापरायचे ऑर्थोडॉन्टिक (दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंतशाखेतील) साधन. पुण्यातील पालकांच्या बोलण्यात ते ‘एक्स्पांडर’ किंवा ‘स्क्रूची प्लेट’ म्हणून येते.

कठीण टाळूची डावी व उजवी बाजू मध्यरेषेवर सेवनीने (हाडांमधील शिवणीसारख्या सांध्याने) सांधलेली असते. लहानपणी ही सेवनी बरीचशी सरळ असते. वयात येताना तिच्या कडा एकमेकींत गुंतत जातात. साधनाच्या पट्ट्या दाढांना सिमेंटने चिकटवतात व मधला स्क्रू किल्लीने फिरवतात. पाव फेऱ्याला साधारण ०.२५ मिमी विस्तार मिळतो. शीघ्र पद्धतीत दिवसाला एक-दोन पाव फेरे, असे दोन-तीन आठवडे चालते. सेवनी उघडली की पटाशीच्या मधल्या दोन दातांत फट पडते. तिने घरचे धास्तावतात, पण हिरड्यांतील तंतूंच्या ओढीने ती पुढे बहुधा आपोआप मिटते. रिकाम्या जागी हाड भरेपर्यंत साधन आणखी तीन ते सहा महिने तोंडातच ठेवतात.

या उपचाराचे जनकत्व वादातीत नाही. फ्रान्समधील प्येर फोशार याने १७२८ मध्ये वर्णिलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत काही लेखक मागे जातात. मात्र त्या पट्टीने दात बाहेर कलत, टाळूचे हाड विलग होत असल्याचा दावा तिच्याबाबत नव्हता. त्यामुळे हा मान सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल याला देणेच अधिक सयुक्तिक ठरते. त्याने १८६० मध्ये सुमारे चौदा वर्षांच्या मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. स्क्रू घट्ट ठेवण्याची किल्ली त्याने तिच्याच हाती दिली होती. दोन आठवड्यांत पुढच्या दातांत पाव इंच फट पडली आणि जबड्याची हाडे विलग झाल्याचा निष्कर्ष त्याने काढला. तो छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकानेच त्यावर शंका घेतली. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यामुळे एंजेलजवळ ती फट हाच काय तो पुरावा होता, आणि तेवढ्यावर शंका घेणे गैर म्हणता येत नाही. अमेरिकेत ही पद्धत पुढे मागे पडली. अँड्र्यू हास याने डुकरांवरील प्रयोगांनंतर १९६१ मध्ये क्ष-किरण चित्रांसह तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच्या साधनात टाळूवर अॅक्रिलिकचा थर असे. १९६८ च्या सुमाराचे ‘हायरॅक्स’ हे साधन केवळ तारेचे, अॅक्रिलिकविना असल्याने साफ ठेवायला सोपे.

वरच्या दाढा खालच्यांच्या आतून बसणे (क्रॉसबाइट) हे उपचाराचे सर्वमान्य कारण. घोरणे थांबेल, पुढे दात काढावेच लागणार नाहीत, या आश्वासनांना तितका भक्कम आधार नाही. सातव्या वर्षी तपासणी करावी अशी अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्ट संघटनेची शिफारस आहे. तपासणी म्हणजे लगेच उपचार नव्हे. पुढे आलेल्या दातांबाबतच्या चाचण्यांत लवकर सुरुवात केल्याने त्या दातांना इजा होण्याचा धोका घटलेला दिसला, पण अंतिम ठेवण एरवीपेक्षा फारशी सरस ठरली नाही. उशिराची मर्यादा नेमक्या वयात सांगता येत नाही. वाढ पुरी झाल्यावर शस्त्रक्रिया किंवा हाडात बसवलेल्या सूक्ष्म स्क्रूंचा आधार लागू शकतो.

पुण्यात खासगी दवाखान्यांबरोबरच धनकवडी, पिंपरी व कॅम्प भागांतील दंत महाविद्यालयांचे ऑर्थोडॉन्टिक विभाग या शाखेत काम करतात. किल्ली फिरवण्याचे काम मात्र घरीच होते: मुलाचे डोके मांडीवर, एका हातात टॉर्च, किल्ली घशात निसटू नये म्हणून तिला दोरा. ती पुढून मागे, पुढचे भोक दिसेपर्यंत ढकलायची. अर्धवट राहिली तर दुसऱ्या दिवशी भोकच सापडत नाही. पहिले काही दिवस ‘ट’, ‘ड’, ‘ळ’ अडखळतात, लाळ वाढते, त्यामुळे वक्तृत्व स्पर्धा तोंडावर असताना साधन बसवू नये हे बरे. चिक्की वर्ज्य, पोळीचा घास स्क्रूखाली अडकतोच, तेव्हा जेवणानंतर खळखळून चूळ भरावी लागते.